खेतियाचा दोहा

आमचं झाखरगढ एवढंसं, की रावांचा उंट गढीच्या दारात बसला तर त्याची शेपटी पलीकडच्या ठाकुराच्या हद्दीत पडायची. तिकडच्या माश्या तिने हाकलल्या म्हणून एकदा तलवारी उपसायची वेळ आली होती. मग पंचांनी ठरवलं, उंटाने तोंड फिरवून बसावं. उंटाने काही ऐकलं नाही. शेवटी ठाकुरांनीच माश्यांवरचा हक्क सोडला.

त्या झाखरगढचे राव जैतमाल. शरण आलेल्याला त्यांनी कधी बाहेर काढलं नाही. एकदा शिकाऱ्यांपुढून पळत एक लांडगा दरबारात शिरला आणि थेट त्यांच्या गादीखाली लपला. रावांनी त्यालाही अभय दिलं. तो लांडगा म्हातारा होईपर्यंत गढीच्या शेळ्या राखत होता, आणि एखादी शेळी कमी भरलीच तर रावांसमोर मान खाली घालून उभा राहायचा. दुष्काळात रावांनी कोठारं उघडली, राणीवशाची चांदी मोडून विहीर खणली. घोडा तेवढा त्यांना जुमानत नसे. पण राजपूत घोड्यावरून पडला तर आमच्याकडे ‘उतरले’ म्हणतात, त्यामुळे तेही झाकून जायचं.

यातल्या कशाचंच रावांना कौतुक नव्हतं. त्यांना कवी व्हायचं होतं. मिसरूड फुटल्यापासून ते एक ग्रंथ लिहीत होते. नाव ‘जैतविलास’. त्यात सूर्योदय होता, चंद्रोदय होता, हत्तींची झुंज होती (गढीत हत्ती नव्हता), समुद्र होता (रावांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमचं तळं, तेही सुकलेलं).

आता आमच्याकडची रीत अशी, की दोहा कुणाला तरी उद्देशून सांगायचा. मित्राला, चाकराला, कुणाला का असेना. ज्याला सांगितला त्याचं नाव दोह्याच्या शेवटी येतं, आणि लोक दोहा त्याच नावाने ओळखतात. करणारा राहतो पडद्यामागे, जाणकारांपुरता. रावांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते आपले सगळे दोहे स्वतःलाच उद्देशून करायचे. ‘ऐक तू रे जैतिया’, ‘पाहा तू रे जैतिया’. ग्रंथभर राव स्वतःलाच उपदेश करत होते आणि स्वतःच ऐकत नव्हते.

रोज दुपारी जेवणं झाली की वाचन. सरदार उशांना टेकून बसायचे. चार दोह्यांत अर्धा दरबार घोरायचा. एकदा गढीवर दरोडा पडला, तोही वाचनाच्या वेळी. दरोडेखोर खांबाआड दबा धरून बसले आणि तिथेच झोपले, संध्याकाळी झाडूवाल्यांनी त्यांना बांधलं. खोटं वाटेल तर वाटो. जागा असायचा एकच माणूस, रावांचा कीर्ती गाणारा चारण, खेतदान बारठ. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून तो बसायचा आणि जागोजागी म्हणायचा, “वाह, अन्नदाता! वाह!”

रावांना तेवढं पुरायचं. कारण खेतदान म्हणजे काही हुजऱ्या नव्हता. त्याचे दोहे जेसलमेरच्या वाळवंटातले उंटवाले गायचे. शिवाय लहानपणी दोघे एकाच खेजडीवर चढलेले, एकाच फांदीवरून पडलेले, आणि मोठेपणी एकमेकांच्या तळहातावरून अफूचं पाणी प्यायलेले. तळहातावरून प्यायलं की आमच्यात मागचं वैर संपतं आणि पुढचं धरता येत नाही.

रावांनी त्याला एक गावही दिलं होतं. गाव म्हणजे चार झोपड्या, एक विहीर आणि भांडखोर मोर.

तर एकदा पलीकडच्या ठाकुराकडे लग्न होतं. तिथे गाणाऱ्यांनी विचारलं, “कुणाचं गाऊ?” पाहुण्यांनी एकेक नाव घेतलं. खेतदानाचं तर तीनदा आलं. राव मिशीला पीळ देत वाट बघत बसले. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी त्यांनीच एका सरदाराला कोपर मारलं, तर तो दचकून जागा झाला आणि सवयीने ओरडला, “वाह!” गाणं चालू नव्हतंच. मांडव हसला.

घरी आल्यावर राव राणीजवळ बसले. राणी भाटी कुळातली, म्हणून सगळे तिला भटियाणीजी म्हणायचे. जिभेला धार अशी, की स्वयंपाकघरात विळी लागत नसे.

राव म्हणाले, “भटियाणीजी, खरं सांगा. माझे दोहे कसे आहेत?”

“मला काय कळतंय, हुकम. मी पहिल्याच दोह्याला झोपते. आमच्या माहेरी मला झोपेचा त्रास होता, इथे आल्यापासून नाही.”

“खेतदान तर डोलतो.”

“बारठजी तुमचं गाव खातात. आणि अफू घेतल्यावर माणूस उंटाच्या ओरडण्यावरही डोलतो.”

“खेता माझ्याशी खोटं बोलणार नाही.”

“तोंडावर गोड बोलणं हा चारणाचा धर्मच आहे, त्यात खोटं कसलं?” राणीने सुपारी कातरली. “चारण खोटं बोलत नाही ते फक्त मरसियात. मेलेल्याच्या पुढ्यात उभं राहून खोटं गायलं तर देवी जीभ जाळते, असं माझे आजोबा सांगायचे. पण ते ऐकायला मेलेला कुठे असतो!”

ती सहज बोलून गेली, आणि रावांच्या डोक्यात ते रुतलं. आपला मरसिया आपण ऐकायचा! ज्यात खोटं चालत नाही अशा गाण्यात खेतदान जैतविलासाबद्दल काय म्हणेल? मग कुठल्या ठाकुराची बिशाद होती हसायची!

मरायची सोय आमच्याकडे फार चांगली आहे. राजपूत दूर कुठे पडला तर त्याचं पागोटं घरी येतं. पागोटं आलं म्हणजे माणूस गेला. बायका पागोट्यापुढे रडतात, चारण पागोट्यापुढे गातो.

राव राणीला म्हणाले, “मी पुष्करला निघतो. आणि पागोटं जाईल खेतदानाच्या गावी. गढीवर नाही.”

राणीचा अडकित्ता थांबला. “हुकम, पागोट्याशी खेळू नका. मरणाचं म्हणून पाठवलेलं पागोटं परत डोक्यावर चढत नाही.”

“दुसरं बांधीन.”

“पागोटी पेटीत पुष्कळ आहेत. खेतदान एकच आहे.”

रावांनी ते ऐकलं नाही. राणीचं बोलणं नीट ऐकणारा राव अजून जन्मायचा आहे.

बरोबर घेतला त्यांनी मादो रेबारी. उंटवाला, वाळल्या लाकडासारखा, आणि खोटं बोलण्यात एवढा तयार, की त्याने ‘राम राम’ केला तरी लोक खात्री करून घ्यायचे. रावांनी अंगावर रेबाऱ्याची मळकी बंडी घातली, तोंडाभोवती फडकं गुंडाळलं, नुसते डोळे उघडे ठेवले आणि मिशा आत कोंबल्या. त्या आत राहीनात. मादो म्हणाला, “अन्नदाता, मिशी कापा.” राव म्हणाले, “मेलो तरी चालेल.” मादो म्हणाला, “मेलेलेच आहात.”

सकाळच्या उन्हात ते खेतदानाच्या अंगणात पोचले. खेतदान खाटेवर बसून राबडी पीत होता. मादोने रावांचं केशरी पागोटं दोन्ही हातांवर धरलं आणि त्याच्यापुढे केलं.

वाटी खाली पडली. राबडी मोरांनी खाल्ली.

“कुठे?” खेतदानाने विचारलं.

“पुष्करच्या वाटेवर. मीणांच्या टोळीने वाट अडवली. अन्नदाता पुढे झाले.”

“घोड्यावर होते?”

“होय.”

“मग घोड्यानेच टाकलं असेल,” खेतदान म्हणाला आणि हसायला गेला. हसू काही बाहेर आलं नाही. निघाला तो लहान पोराचा असतो तसला हुंदका. एवढा मोठा चारण, पांढऱ्या दाढीचा, जमिनीवर बसून डोकं खाटेच्या पायावर आपटत राहिला. मादोच्या मागे उभ्या असलेल्या रावांचे डोळे भरून आले. फडकं ओलं झालं. त्यांना वाटलं, पुरे. आत्ता पुढे व्हावं आणि त्याला उठवावं.

पण जैतविलास अजून आला नव्हता.

खेतदानाने पागोटं खाटेवर ठेवलं, अफू भिजवली, तळहातावर घेतली आणि पागोट्यापुढे धरली. “प्या, अन्नदाता,” म्हणाला. थेंब थेंब कापडात जिरू दिला. मग उभा राहिला आणि गायला लागला.

काय गायला! शेजारच्या झोपड्यांतली माणसं येऊन उभी राहिली. भांडखोर मोर भिंतीवर गप्प बसले. तो गायला, की या माणसाच्या कोठाराला दुष्काळात दार नव्हतं. तो गायला, की विहिरीचं पहिलं पाणी याने गावकुसाबाहेरच्या मेघवाळांच्या घड्यात ओतलं आणि स्वतः शेवटी प्यायला. लांडग्यालाही याने पदरात घेतलं. तो गायला, की घोड्यावरून हा शंभरदा पडला, पण मागे बसवलेल्याला याने एकदाही पडू दिलं नाही. आपलं आयुष्य इतकं चांगलं गेलं हे रावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण कान लागले होते दुसरीकडेच. आता येईल. आता ग्रंथ येईल. पुढच्या कडव्यात येईल.

खेतदानाने शेवटचा सूर लांबवला आणि तो खाली बसला.

रावांनी मादोच्या बरगडीत बोट खुपसलं.

“बारठजी,” मादो म्हणाला, “ते ग्रंथाचं राहिलं.”

“कुठल्या ग्रंथाचं?”

“अन्नदात्यांच्या. जैतविलास.”

खेतदानाने डोळे पुसले. “अरे मादो, हा मरसिया आहे. यात खोटं चालत नाही.” मग पागोट्याकडे बघून मायेने म्हणाला, “आणि गेलेल्या माणसाला तरी त्या ग्रंथातून सुटू दे. बिचाऱ्याने जन्मभर फार सोसलं. आम्हीही.”

जमलेल्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं. अशा वेळीही.

फडकं सुटलं. आधी मिशा बाहेर आल्या, मग राव.

बायका किंचाळल्या. खेतदान दोन पावलं मागे गेला, मग धावला, दोन्ही हात पसरून. “जिवंत! अन्नदाता जिवंत! अरे ढोल वाजवा, गूळ आणा…”

“जागचा हलू नकोस,” राव म्हणाले.

हात तसेच पसरलेले राहिले.

“सोसलं म्हणालास.”

“अन्नदाता…”

“काळ्या केसांचा होतास तेव्हापासून माझ्यासमोर बसून मान डोलवतोयस. चंद्रोदयाला तू रडला होतास, खेता. डोळ्यांतून पाणी काढलं होतंस.”

“जांभई दाबली की पाणी येतं,” मागून मादो हळूच म्हणाला. त्याला गप्प बसायला कुणी सांगितलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

खेतदान म्हणाला, “तुम्ही कधी विचारलंत मला? वाचून झालं की माझ्या तोंडाकडे बघायचात. दूध पिऊन झालेलं वासरू गाईकडे बघतं तसं. त्या डोळ्यांना काय सांगणार होतो मी?”

“खरं.”

“खरं सांगायला कवीसमोर बसावं लागतं. माझ्यासमोर माझा जैता बसलेला असायचा.”

“सगळा दरबार झोपायचा, ते मला दिसत नव्हतं?” रावांचा आवाज चिरकला. “दिसायचं. पण मी म्हणायचो, गाढवं झोपू देत, खेता जागा आहे. एका माणसाच्या जागं राहण्यावर मी आयुष्य काढलं रे. आणि तो जागा राहून काय करत होता, तर मला झोपवत होता!”

“गाव परत घ्या, अन्नदाता.”

“चारणाला दिलेलं परत घेता येत नाही, हे तुला पाठ आहे म्हणून म्हणतोस.”

ज्याला उत्तर सुचलं नाही असा चारण आमच्या भागात आधी कुणी पाहिला नव्हता. रावांनी खाटेवरच्या पागोट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि विचार न करता, ताल न धरता, तोंडातून जे आलं ते आलं:

“वार वैऱ्याचा दिसे, मिरवू तो छातीवरी;
गोड बोल आत डसे, कुठे दाखवू, खेतिया?”

एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. भिंतीवरचा मोर उगाच एकदा ओरडला आणि स्वतःच लाजला.

खेतदानाचा चेहरा बदलत गेला. शिवी बसल्यासारखा आधी तो आक्रसला, मग त्याचे डोळे मोठे झाले, ओठ हलले, शेवटचे तीन शब्द त्याने मनात परत म्हणून पाहिले. आणि त्याच्याही नकळत बाहेर पडलं, “वाह!”

राव मागे सरले. फटका बसल्यासारखे.

“अजून?” ते म्हणाले. “अजून पुरलं नाही तुला?”

“नाही, नाही, अन्नदाता, हा खरंच… देवीशपथ, असा दोहा मी जन्मात…”

“हेच तू हत्तींच्या झुंजीला म्हणाला होतास. देवीचीच शपथ घेतली होतीस.”

ते उघड्या डोक्याने उंटावर चढले. खेतदान पागोटं घेऊन मागे धावला. “डोकं तरी झाका!”

“ते मेलेल्याचं आहे. मेलेला तुझा मित्र होता. ठेव तुझ्याजवळ.”

गढीवर राव उघड्या डोक्याने आले तेव्हा राणीने पेटी उघडली. दुसरं पागोटं काढून ठेवलं, एवढंच. जैतविलास रावांनी आपल्या हाताने नेऊन कोरड्या तळ्यात पुरला. त्या वर्षी तळं भरलं, आणि त्यातलं पाणी पिणाऱ्या म्हशी दुपारभर उभ्या उभ्या झोपत, असं म्हणतात. दुपारची वाचनं बंद झाली. सरदारांना झोप येईनाशी झाली.

इकडे खेतदानाने जे केलं ते आमच्या मुलखात कुणी केलेलं नाही. चारणावर निंदेचा दोहा झाला तर तो गाव सोडतो, साक्षीदारांना गप्प करतो, निदान दोन खोटे दोहे तरी उलट सोडतो. खेतदानाने पागोटं छातीशी बांधलं आणि तो दोहा घेऊन निघाला. लग्नात गायला, यात्रेत गायला, अफूच्या बैठकीत गायला. लोक म्हणायचे, “बारठजी, ही तर तुमचीच निंदा!” तो म्हणायचा, “दोहा बघा, दोहा. माझं काय घेऊन बसलात?”

त्याने मादोच्या हाती रावांना निरोप पाठवला: ‘स्वतःचं तोंड काळं करणारा दोहा कुणी उगाच चांगला म्हणेल का? आता तरी माना.’

राव म्हणाले, “मादो, निरोप तुझ्या तोंडून पाठवला त्याने? म्हणजे दोन लबाडांची साक्ष झाली.”

काही वर्षं गेली. राव मादोला घेऊन नातेवाइकांकडे निघाले होते, दूर, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. एका विहिरीवर पाण्यासाठी थांबले. एक बाई दोर ओढत होती आणि दोराच्या तालावर गुणगुणत होती. ‘वार वैऱ्याचा दिसे’ला दोर वर यायचा, ‘कुठे दाखवू, खेतिया’ला घडा काठावर टेकायचा.

रावांच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

“हे काय म्हणतेस, बाई?”

“खेतियाचा दोहा.”

“का म्हणतेस?”

“का म्हणजे?” तिने घडा डोक्यावर घेतला. “तुम्हाला कधी आपल्या माणसाने फसवलं नाही वाटतं. सासरी आल्यापासून मी हा एकच म्हणते.”

तिला ना गाव खायचं होतं, ना रावांच्या डोळ्यांत बघायचं होतं. राव विहिरीच्या कठड्यावर बसले. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या पुढ्यात घडा घेऊन उभं होतं.

“कुणी केला हा?”

“खेतियानेच. नाव नाही का त्यात?”

“खेतियाने नाही. मी केला.”

ती हसली, घडा हिंदकळून तिचा खांदा भिजला. “बाबाजी, गेल्या खेपेला एक मीठवाला येऊन हेच म्हणाला. त्याची मिशी तुमच्याहून मोठी होती.” आणि गेली. जाताना पुन्हा तेच गुणगुणत गेली.

राव पुढे गेलेच नाहीत. त्यांनी उंट फिरवला तो खेतदानाच्या गावाकडे.

वेशीवर खेतदान उभा होता. पाठ वाकलेली, छातीशी ते पागोटं, आता केशरी राहिलेलं नाही. उंट दिसताच त्याने कनवटीची अफू काढली, घाईघाईने भिजवली आणि तळहात पुढे केला. रावांनी उंट थांबवला. खाली उतरले नाहीत, पण थांबले.

“माझा दोहा सगळीकडे गातात,” राव म्हणाले.

“होय, अन्नदाता.”

“तुझ्या नावाने.”

“मी दर ठिकाणी सांगतो, झाखरगढच्या राव जैतमालांनी केला. लोक मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. दोह्यात जे नाव बसलं तेच उरतं. ते तुम्हीच बसवलंत.”

“म्हणजे जन्मभर मला खोटं दिलंस, आणि एक खरं होतं तेही तूच नेलंस.”

खेतदानाचा तळहात तसाच पुढे होता. राव उंटावरून वाकले. इतके वाकले, की मादो सांगायचा, मला वाटलं आता पिणार.

“खेता,” त्यांनी हळूच विचारलं. असं त्यांनी उभ्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. “चांगला आहे का रे तो?”

खेतदानाने तोंड उघडलं. जिभेवर शब्द आला. जन्मभर आला तोच आला, दुसरा त्याच्यापाशी नव्हताच. त्याने रावांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

राव वाट बघत राहिले. मग ताठ बसले आणि त्यांनी उंट हाकला.

तळहातावरची अफू बोटांच्या फटींतून वाळूत गळून गेली. त्या वेशीवरच्या मुंग्या तेव्हापासून सरळ रांगेत चालत नाहीत. मी स्वतः पाहिल्या आहेत. थोड्या पुढे जातात, थांबतात, मागे वळून बघतात, आणि पुन्हा चालू लागतात.